अध्ययन आणि सेवा यांची सांगड

डिसेंबर उजाडला की आपल्याकडील कॉलेजांत एक निराळीच लगबग सुरू होते. घमेली, फावडी, टिकाव, सतरंज्या आणि पन्नास-शंभर माणसांच्या स्वयंपाकाची पातेली ट्रकमध्ये चढतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक कुठल्यातरी खेड्याकडे निघते. मुक्काम प्राथमिक शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. सातव्या दिवशी समारोप होतो, सरपंच नारळ देतात, मुलींच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ट्रक परत फिरतो. या सात दिवसांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. शहरात वाढलेल्या मुलाने आयुष्यात प्रथमच विहिरीवरून पाणी शेंदले, चुलीवरची भाकरी खाल्ली, एवढ्यानेही काहीतरी साधतेच. परंतु ट्रक परतल्यावर दोन प्रश्न मागे उरतात, आणि आजच्या विषयाचा सारा गाभा त्यांत आहे. गावाजवळ काय राहिले? आणि सोमवारी पुन्हा भरणाऱ्या वर्गात त्या गावातले काय आले?

पहिला प्रश्न सेवेचा, दुसरा अध्ययनाचा. बहुतेक ठिकाणी ते दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर विचारले जातात. ते एकाच कागदावर विचारले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. का, ते आता सांगतो.

या कल्पनेचा उगम थोडा दूरचा आहे. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपेलच्या दरिद्री वस्तीत, सॅम्युअल बार्नेट या धर्मोपदेशकाने टॉयन्बी हॉल नावाचे घर उघडले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील तरुणांनी वस्तीला नुसती भेट न देता तेथे येऊन राहावे, दिवसा आपला उद्योग करावा आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्यांमध्ये मिसळावे, शिकवावे, शिकावे, अशी ती योजना होती. व्हाइटचॅपेलचे दारिद्र्य त्या तरुणांनी हटवले नाही. मात्र तेथे राहून गेलेल्यांत विल्यम बेव्हरिज होते. इंग्लंडच्या सामाजिक विम्याचा पाया घालणारा १९४२ चा अहवाल त्यांचाच. क्लेमंट ॲटली यांनीही काही काळ तेथे चिटणीस म्हणून काम केले होते. १९४५ मध्ये पंतप्रधान झाल्यावर तो अहवाल व्यवहारात आणण्याचे काम त्यांच्याच सरकारकडे आले. वस्तीने त्या तरुणांना जे शिकवले, त्याची फेड व्हायला चाळीस वर्षे लागली.

ही शेजारघराची कल्पना मुंबईत आली ती क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्यामुळे. अमेरिकन मराठी मिशनच्या या गृहस्थांनी १९२७ च्या सुमारास नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ उभे केले, आणि त्याच वास्तूत १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातील पहिली शाळा सुरू झाली. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून आपण तिला ओळखतो. वर्गातील व्याख्यान आणि वस्तीतील काम या दोहोंना एकाच अभ्यासक्रमात जागा देणारी आपल्याकडील ही पहिली संस्था. पण ती समाजकार्यच शिकवणारी. रसायन, वाणिज्य किंवा इतिहास शिकणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याचे काय?

हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर ऐरणीवर आला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने राष्ट्रसेवा ऐच्छिक असावी असे सुचवले. पुढे १९५९ च्या ऑगस्टमध्ये एक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे आले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते देशमुख. त्या वेळी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या समितीची सूचना मोठी कडक होती. माध्यमिक शिक्षण संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी. तीत काही लष्करी शिक्षण, काही समाजसेवा, काही अंगमेहनत आणि काही सर्वसाधारण शिक्षण असावे. सूचना खर्चाच्या आणि व्यवस्थेच्या अडचणींमुळे बासनात गेली. देशातील सारी उमेदवार मुले वर्षभर पोसायची आणि त्यांना खरोखरीचे काम पुरवायचे, हे त्या काळच्या तिजोरीला पेलणारे नव्हते. त्यातही मला वाटते, काम पुरवणे हे पोसण्याहून अवघड. हजार मुलांच्या हाती फावडी देता येतात. पण हजार मुलांना पुरेल एवढे शहाणपणाचे खोदकाम आखून ठेवायला कोणीतरी वर्षभर आधी बसावे लागते.

मग कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात दुसरी वाट दाखवली : सेवा शिक्षणाच्या आधी नको, नंतरही नको, शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर शिक्षणाबरोबरच ती असावी. चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ पासून कॉलेजात राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली होती, ती १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. कवायत नको असणाऱ्यांना दुसरे काही हवे होते. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर, हा तिचा साचा पुढे रूढ झाला. महाराष्ट्र १९७२-७३ च्या दुष्काळात होरपळत होता, त्याच काळात ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या घोषणेखाली देशभर शिबिरे भरली. आज या योजनेतील विद्यार्थी लाखांनी मोजावे लागतात.

याच १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वर्ध्याजवळ सेवाग्रामला आणखी एक आरंभ झाला. गांधीजींच्या वैद्य म्हणून काम केलेल्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथे खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय काढले. राष्ट्रीय सेवा योजनेने सेवेला अभ्यासक्रमाच्या शेजारी जागा दिली. सेवाग्रामने तिला अभ्यासक्रमाच्या आत घेतले. शेजारी आणि आत यांतला फरक किती दूरवर जातो, ते जरा सविस्तर पाहू.

सेवाग्रामचा विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा शरीरशास्त्राचे पुस्तक उघडण्यापूर्वी पंधरा दिवस आश्रमात राहतो. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना, सामुदायिक भोजन. कोणाला हे जुनाट वाटेल, वाटू द्या. पुढची पायरी अधिक महत्त्वाची. त्या वर्षीची सबंध तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी तेथे पंधरा दिवसांचे शिबिर होते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्या गावातील तीन-चार कुटुंबे सोपवली जातात. शिबिर उठले तरी कुटुंबे सुटत नाहीत. तो विद्यार्थी पुढची काही वर्षे दर महिन्याला त्याच उंबरठ्यावर जातो.

आता तुम्ही विचाराल की पहिल्या वर्षाच्या मुलाला औषधातले ओ की ठो कळत नाही, तो कुटुंबाच्या काय उपयोगी पडणार? प्रश्न रास्त आहे, आणि या पद्धतीची खुबी त्याच्या उत्तरातच आहे. पहिल्या वर्षी तो केवळ पाहतो आणि मोजतो. मुलांचे वजन किती, उंची किती. पाणी कोठून येते, कशात साठवतात. घरात काल काय शिजले आणि कोणाच्या ताटात किती पडले. मागच्या आजारपणात पैसे कोठून आणले, सावकाराकडून की दागिना मोडून. दुसऱ्या वर्षी तो रोगांची कारणे शिकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पुस्तकातले चित्र नसते, त्या घरातली धुरकट चूल असते. तिसऱ्या वर्षी तो रुग्णालयात उभा राहतो आणि त्याच गावातली बाई केसपेपर हातात घेऊन रांगेत येते. विद्या वाढत जाते तसतसा उपयोगही वाढत जातो. आणि कुटुंब त्याला ओळखत असल्याने खरे सांगते. अनोळखी माणसाच्या प्रश्नावलीला सहसा खरे उत्तर मिळत नाही. ते मिळायला आधी चार वेळा चहा घ्यावा लागतो.

पांडुरोगाचे उदाहरण घ्या. रक्तातील हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटरला १२ ग्रॅमहून कमी असेल, आणि गर्भवतीच्या बाबतीत ११ हून कमी असेल, तर स्त्रीला पांडुरोग आहे असे म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना तो आढळला. पुस्तकात उपाय सरळ आहे : लोहाच्या गोळ्या. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मग निम्म्याहून अधिक बायका फिकट का? वर्गात बसून याचे उत्तर सापडत नाही. घरात ते सापडते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते म्हणून सासू घाबरते, गोळी घेताच वर चहा प्यायला जातो आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ती बाई सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले जेवते. ही चार कारणे एका मुलीने तिच्याकडे सोपवलेल्या चार घरांत स्वतः नोंदवली असली, तर ती पुढे डॉक्टर झाल्यावर चिठ्ठीवर औषध लिहून थांबणार नाही. हे ज्ञान गावाने तिला दिले. त्या व्यवहारात सेवा कोणी कोणाची केली, हे ठरवणे कठीण आहे.

सेवाग्रामच्याच परिसरात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारखर्चाचा प्रश्न हाती घेतला, तोही ध्यानात घेण्याजोगा. गरीब शेतकऱ्याजवळ रोकड नसते, पण सुगीच्या वेळी धान्य असते. तेव्हा कुटुंबांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी द्यायची, गावाने ती जमवायची आणि त्या बदल्यात रुग्णालयाने वर्गणीदारांना उपचारात सवलत द्यायची, असा विमा तेथे उभा राहिला. विम्याचा हप्ता ज्वारीत घ्यावा हे सुगीच्या दिवसांत गावात वावरणाऱ्यालाच सुचते.

२०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याची पद्धत देशातील साऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात घातली आहे. चांगले झाले. पण कलम लावताना माती बघावी लागते. सेवाग्रामला शिक्षक स्वतः त्या गावांत येत-जात होते. जेथे प्राध्यापकालाच गावाचा रस्ता ठाऊक नाही, तेथे कुटुंब-नोंदणीची पुस्तिका वसतिगृहात बसून एका रात्रीत भरली जाण्याची भीती आहे.

वैद्यक हा सेवेचाच धंदा, तेथे हे जमणारच, असे कोणी म्हणेल. इतर शाखांकडे पाहू. गेल्या साली अमुक खेड्यात रस्ता झाडला, या नोंदीत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे रसायनशास्त्र कोठेच दिसत नाही. गाडगेबाबा गाव झाडत, पण त्यांचे झाडणे ही रात्रीच्या कीर्तनाची प्रस्तावना असे. खराटा आणि उपदेश यांचा सांधा जुळलेला असे. आपल्या विद्यार्थ्याचा सांधा कोठे जुळतो? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्यापलीकडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास आधी मुलांचे दात डागाळतात, मग हाडे जखडतात. पाण्याचा जडपणा मोजणे हा तर पदवीच्या प्रयोगवहीतला नेहमीचा पाठ. बाटलीतल्या ‘अज्ञात नमुन्या’ऐवजी गावातील वीस विहिरी व कूपनलिका यांचे पाणी प्रयोगशाळेत आणले, तर प्रयोग तोच राहतो, गुण तेवढेच मिळतात आणि गावाला आपल्या पाण्याचा नकाशा मिळतो. मात्र एक अट आहे. आकडे गावात परत गेले पाहिजेत, ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत, आणि एखादी कूपनलिका वाईट निघाली तर ग्रामपंचायतीकडे आणि पाणीपुरवठा विभागाकडे लेखी पाठपुरावा करणारा कोणीतरी असला पाहिजे. ‘तुमचे पाणी वाईट आहे’ एवढेच सांगून निघून येणे ही क्रूरता आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांचे काम तर आणखी निकडीचे. नवरा वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव लागायला हवे, हे कित्येक विधवांना ठाऊक नसते; ठाऊक असले तरी अर्ज कोठे, कोणत्या कागदांसह करायचा हे कळत नाही; आणि दीर-भाचे सांगायला उत्सुक नसतात. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफाराची नोंद, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकाऱ्याची मंजुरी, एवढाच हा मार्ग. महसूल कायद्याचा पेपर देणाऱ्या मुलाने अशी पाच प्रकरणे तडीस नेली, तर फेरफार म्हणजे काय हे तो जन्मात विसरणार नाही. वाणिज्य शाखेच्या मुलीला बचत गटाची वही लिहायला बसवा. जमाखर्च पुस्तकातल्यासारखा सरळ नसतो, हे तिला पहिल्याच बैठकीत कळेल.

आणि इतिहास, भाषा, साहित्य? तेथे वाट इतकी सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. ओढूनताणून सांगड घालण्यापेक्षा त्या विद्यार्थ्यांनी सरळ घमेले उचललेले बरे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलांनी शेतात खपून, दगड फोडून शिक्षण घेतले. ती समाजसेवा नव्हती. आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या घामाने काढण्याची ती पद्धत होती. पण श्रमाची लाज तिने जेवढी घालवली, तेवढी आपल्या श्रमदानाच्या सात दिवसांनी घालवली असेल की नाही, याची मला शंका आहे.

श्रमदानाविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कॉलेजचे पंचांग आणि शेताचे पंचांग जुळत नाही. वनराई बंधारा म्हणजे रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर घातलेला बांध. तो घालायचा पाऊस सरताना, ओढा अजून वाहता असताना, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. आपली शिबिरे पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी आटोपून डिसेंबर-जानेवारीत भरतात. तोवर पुष्कळ ठिकाणी ओढ्यात गोटे उरलेले असतात. झाडांचे तेच. रोप लावायचे जूनच्या अखेरीस, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला पाणी घालायचे. उन्हाळ्यात मुले परीक्षा देऊन घरी जातात. मुलांची निष्ठा कमी पडली असे नव्हे. वेळापत्रक करणाऱ्याने नक्षत्रे पाहिली नाहीत. सलग सात दिवसांऐवजी तेच दिवस पेरणीनंतर दोन, पाऊस सरताना तीन आणि उन्हाळ्यात दोन, असे वाटून दिले, तर एका पैशाचा जादा खर्च न होता काम दुप्पट टिकेल.

आता सक्ती आणि गुण यांविषयी थोडे. मेक्सिकोत १९३६ पासून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना डॉक्टर नसलेल्या खेड्यांत काही महिने काम करणे भाग पडले. १९४५ च्या कायद्याने समाजसेवा सर्व शाखांना लागू झाली, आणि पदवीपूर्वी किमान ४८० तास भरल्याशिवाय तेथे पदवी मिळत नाही. आपल्या २४० च्या बरोबर दुप्पट. आपल्याकडे बरीच वर्षे ही गोष्ट ऐच्छिक होती. सवलतीच्या गुणांचे आमिष असे, एवढेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सामुदायिक सहभागाला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत, आणि श्रेयांक तासांत मोजले जातात. सेवेला अभ्यासक्रमात मान मिळाला, हे मी मागत होतो तेच झाले. पण तास मोजले की तास भरण्याची विद्याही उत्पन्न होते. एकाच गावात तीन कॉलेजांची पथके तीच ती प्रश्नावली घेऊन फिरतात, ‘घरात माणसे किती, शौचालय आहे का’, आणि चौथ्या वेळी म्हातारी दार लोटून घेते. तिचे काय चुकले? तीनदा माहिती देऊन तिला एकदाही काही परत मिळालेले नसते. म्हणून तासांच्या वहीबरोबर एक गावाची वही असावी, असे मी सुचवतो. तीत कोणत्या वर्षी काय पाहिले, काय मोजले, कोणाला काय शब्द दिला आणि त्यातले काय पुरे झाले, एवढेच लिहावे. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. पुढच्या वर्षीच्या तुकडीने ती वाचल्याशिवाय पहिला प्रश्न विचारू नये.

ही वही सांभाळायची कोणी, हा खरा पेच आहे. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत जातो, ते योग्यच. राष्ट्रीय सेवा योजनेत साधारण शंभर विद्यार्थ्यांमागे एक कार्यक्रम अधिकारी असतो. तो आपली तासिका, तपासणी, परीक्षा सांभाळून हे काम बघतो, आणि तीन-चार वर्षांत तोही बदलतो. गाव तेवढे जागच्या जागी राहते. आणि दुसरे कोण जागच्या जागी असते? आपण. या मंडपात बसलेल्यांत निवृत्त तलाठी असतील, परिचारिका असतील, पाटबंधारे खात्यातले अभियंते, बँकेतले रोखपाल, शाळामास्तर असतील. विद्यार्थ्याला फेरफार कसा वाचावा हे सांगायला, विहिरीची पातळी दर महिन्याला कशी नोंदवावी हे दाखवायला, आणि एका तुकडीकडून दुसरीकडे वही सुपूर्द होते की नाही हे पाहायला, महिन्यातले दोन दिवस पुरतात. कोणाला हे करावेसे वाटले तर कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटायचे ते जूनमध्ये, प्रवेश सुरू असतानाच. डिसेंबरात गाव ठरलेले असते आणि ट्रक सांगून झालेला असतो.